अडेनियमला टीपॉयवरून उठवा



आज जरा भांडायचं आहे. कुणा एकाशी नाही. ज्यांच्या ज्यांच्या दिवाणखान्यात टीपॉयवर, टीव्हीशेजारी किंवा शोकेसच्या काचेमागे अडेनियमची कुंडी आहे, त्या सगळ्यांशी. म्हणजे निम्मे नातेवाईक आलेच! तेव्हा वाचून झाल्यावर फोन करून रागावलात तरी चालेल, पण आधी वाचा.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते. प्रस्तावना लांबली की मागच्या बाकावरची मुलं डुलक्या घेतात, हा चौतीस वर्षांचा अनुभव आहे. अडेनियम सावलीत ठेवणं म्हणजे त्याला उपाशी ठेवणं. आणि मग एक दिवस दया येऊन त्याच उपाशी झाडाला वैशाखाच्या उन्हात नेऊन बसवणं म्हणजे त्याला भाजणं. आपल्याकडे बहुतेक अडेनियम या दोनपैकी एका मायेनं मरतात. आणि मेल्यावर आपण म्हणतो, "पाणी जास्त झालं वाटतं."

ज्यांना हे झाड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बुंधा भोपळ्यासारखा फुगलेला, वर आखूड जाड फांद्या, फांद्यांच्या टोकाला पानांचे झुबके आणि गुलाबी-लाल कर्ण्यासारखी फुलं. नर्सरीत ह्याला डेझर्ट रोझ म्हणतात. गुलाबाशी ह्याचा काडीचा संबंध नाही. हे कण्हेरीच्या कुळातलं. चाफा, तगर, सदाफुली, करवंद, सप्तपर्णी ही सगळी ह्याची भावकी. फांदी मोडली की चीक येतो, तो कण्हेरीसारखाच विषारी. आफ्रिकेत काही जमाती बाणांच्या टोकाला लावायचं विष ह्याच झाडापासून करत. (हे झाड टीपॉयवर, म्हणजे रांगत्या नातवाच्या बरोबर हाताशी ठेवणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं.)

ह्याचं माहेर कुठलं? पश्चिमेला सेनेगलपासून सहाराच्या दक्षिण काठानं पूर्व आफ्रिकेपर्यंत, आणि तांबडा समुद्र ओलांडून येमेन, ओमान, सौदीपर्यंत. अडेनियम हे नावच एडनवरून आलेलं. शास्त्राच्या पुस्तकात ह्याची पहिली नोंद केली ती पीटर फोर्स्कोल नावाच्या माणसानं. लिनियसचा हा शिष्य डेन्मार्कच्या राजानं पाठवलेल्या मोहिमेतून अरबस्तानात गेला आणि १७६३ साली येमेनमध्येच हिवतापानं वारला. वय अवघं एकतीस. त्याची टिपणं १७७५ साली छापून आणली ती मोहिमेतून एकट्याच जिवंत परतलेल्या कार्स्टन नीबूरनं. हा नीबूर येमेनहून निघाला तो थेट मुंबईला आला होता आणि त्यानं आपल्या घारापुरीच्या लेण्यांची चित्रं आणि नकाशे काढले. भूगोल शिकवणाऱ्या बाईला अशा गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. असो.

मुद्दा असा, की हे झाड उघड्या खडकाळ उतारांवर वाढलेलं आहे. माझा भाचा मस्कतला असतो. तो एकदा एप्रिलमध्ये ओमानच्या दक्षिणेला, धोफारच्या डोंगरांत फिरून आला आणि त्यानं फोटो पाठवले. आजूबाजूला नुसता तापलेला दगड, झाडावर एक पान नाही आणि अंगभर गुलाबी फुलं. त्यानं खाली लिहिलं होतं, "मावशी, तुमच्या गच्चीवरच्या झाडाचे सख्खे चुलते भेटले." त्या चुलत्यांच्या डोक्यावर ना स्लॅब ना पडदा.

आता आमच्या मंडळींचे युक्तिवाद एकेक घेते.

पहिला युक्तिवाद: "अहो, आमच्या हॉलमध्ये भरपूर उजेड आहे." हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसू येतं. उजेड आहे, पण तो तुमच्या डोळ्यांना पुरेसा आहे. आपला डोळा मोठा लबाड. अंधारात बाहुली मोठी करतो, उजेडात लहान करतो आणि मेंदूला सांगतो, सगळं ठीक आहे. उजेड मोजायचं माप असतं, त्याला लक्स म्हणतात. भर दुपारच्या लख्ख उन्हात साधारण एक लाख लक्स उजेड असतो. मोकळ्या आभाळाखाली पण सावलीत दहा-वीस हजार. खिडकीपासून दोन-तीन फूट आत, थेट ऊन नसेल तर एक-दोन हजार. आणि सोफ्यामागच्या कोपऱ्यात, जिथं तुम्ही आरामात पेपर वाचता, तिथं दोन-तीनशे. म्हणजे जेवणाऱ्या माणसापुढे शंभर घासांचं ताट हवं तिथं तुम्ही घासातला एक कण वाढता आहात, आणि वर म्हणता, "आमच्याकडे खाण्यापिण्याची कमी नाही."

झाडाला अन्न आपण घालत नाही हो. शाळेत शिकलेलं विसरतो आपण. खत म्हणजे अन्न नव्हे, ते मिठामसाल्यासारखं. झाड अन्न तयार करतं उजेडात, पानात. उजेडच नसेल तर शेणखत घाला, बोनमील घाला नाहीतर दुकानातली महागडी बाटली ओता, चूलच पेटलेली नाही तर मसाला काय करणार?

दुसरा युक्तिवाद: "पण आमच्याकडे तर हॉलमध्येच फुललं होतं!" फुललं असेल. आणलं त्या वर्षी, पहिले दोन महिने. ती फुलं तुमच्या हॉलची नव्हेत, नर्सरीतल्या उन्हाची. हे झाड त्या फुगीर बुंध्यात पाणी आणि अन्न दोन्ही साठवतं. त्या शिल्लकीवर ते काही महिने काढतं. बँकेत ठेव असलेला माणूस नोकरी गेल्यावरही काही दिवस पाहुण्यांना आंब्याचा रस वाढतो, तसं. पुढच्या वर्षी पाहा, फुलं किती येतात ती.

तिसरा युक्तिवाद सगळ्यांत गमतीचा: "उलट छान वाढलंय, बघा ना, पडद्याच्या दांडीला टेकलं." डोंबिवलीच्या आमच्या जाऊबाई दरवर्षी मोठ्या अभिमानानं हे सांगतात. जाऊबाई, वयानं तुम्ही मोठ्या, तुमचा मान ठेवून सांगते, ते वाढलेलं नाही, ते उजेड शोधत पळत सुटलेलं आहे. दोन पानांतलं अंतर लांबलंय, फांदी करंगळीएवढी बारीक, पानं मोठी पण मऊ आणि फिकट, आणि सगळं झाड खिडकीकडे वाकलेलं. उन्हातलं अडेनियम बुटकं, जाड आणि पिळदार असतं. उंच म्हणजे निरोगी हा हिशोब इथं चालत नाही.

चौथा: "ऊन वगैरे ठीक, पण आमचं मेलं ते पाण्यानं." हाच मला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा वाटतो. पाण्यानं कुजलं हे खरंच. पण पाणी कुंडीत उरलं का? उन्हात ठेवलेल्या कुंडीची माती एप्रिलमध्ये दोन दिवसांत कोरडी होते. पानं पाणी पितात, हवेत सोडतात, पुन्हा पितात. तीच कुंडी हॉलमध्ये ठेवलीत की माती आठ-दहा दिवस ओली राहते, कारण पाणी ओढायला वर कामच चाललेलं नाही. तुम्ही नेहमीचाच तांब्या ओतलात, पण झाडानं नेहमीसारखं प्यायलं नाही. मग मुळं सडली, बुंधा दाबला तर पिलपिलीत झाला. दोष पाण्याच्या माथी आला, खरा गुन्हेगार होता अंधार. म्हणून "अडेनियमला आठवड्यातून किती वेळा पाणी घालू?" ह्या प्रश्नाला मी उत्तरच देत नाही. आधी सांगा, त्याला रोज थेट ऊन किती तास मिळतं? सहा तास असेल तर पुढचं बोलू. दोन तास असेल तर पाण्याचा हिशोब करून उपयोग नाही.

इथवर वाचून काही जण लगेच उठतील आणि कुंडी गच्चीवर टाकून येतील. थांबा! तुमच्याशीही भांडायचं आहे.

"वाळवंटातलं झाड आहे ना? मग त्याला उन्हाचं काय कौतुक!" असं म्हणून मे महिन्यात कुंडी थेट गच्चीच्या मधोमध ठेवणारे लोक मला हॉलवाल्यांपेक्षा कमी धोकादायक वाटत नाहीत. सावलीत तयार झालेलं पान पातळ आणि रुंद असतं. कमी उजेडात जास्तीत जास्त पकडता यावं म्हणून झाडानं ते तसं बनवलेलं असतं. त्याच्यावर एकदम लाखभर लक्स कोसळले की ते पेलत नाही. दोन दिवसांत पानावर पांढरट, मग तपकिरी कागदासारखे डाग पडतात. ते पान नंतर सुधारत नाही, झाडाला उन्हाची नवीन पानं करावी लागतात, लहान आणि जाड. पानं गेली तरी येतात एक वेळ. पण बुंध्याची साल भाजली तर ती जागा मऊ पडते आणि तिथूनच कूज आत शिरते. खास करून दुपारनंतरचं ऊन लागणारी नैऋत्येची बाजू. कुंडी बदलताना बुंधा उठून दिसावा म्हणून मुळं मातीबाहेर काढून बसवायची फॅशन आहे. ती मुळं कालपर्यंत मातीत होती. त्यांनी ऊन पाहिलेलंच नसतं. ती साल पक्की होईपर्यंत त्यांना झाकलंच पाहिजे.

तेव्हा ऊन द्यायचं ते सवयीनं. मी कसं करते ते सांगते. पहिले तीन-चार दिवस सकाळचं कोवळं ऊन, नऊपर्यंत. मग दर तीन दिवसांनी एकेक तास वाढवत न्यायचं. साधारण तीन आठवड्यांत झाड पूर्ण दिवसाला तयार होतं. आणि हे सुरू करायचं कधी? मे महिन्यात मुळीच नाही. हिवाळ्याच्या अखेरीस, जानेवारी-फेब्रुवारीत, ऊन सौम्य असताना. म्हणजे ऊन जसजसं तापत जातं तसतसं झाडही त्याच्याबरोबर तापत जातं आणि एप्रिल उजाडेपर्यंत त्याला त्याचं काही वाटत नाही. सुट्टीत हौसेनं मे महिन्यात झाड विकत आणलंत तर आधी विचारा, नर्सरीत हे उघड्यावर होतं की जाळीखाली? जाळीखाली असेल तर तुम्हालाही तीन आठवडे धीर धरावा लागेल.

कुंडीचंही बघा. काळी प्लॅस्टिकची कुंडी भर उन्हात इतकी तापते की हात लावता येत नाही. फांद्यांना ऊन हवं असतं, मुळांना भट्टी नको असते. मातीची कुंडी घ्या, किंवा प्लॅस्टिकची असेल तर बाहेरून चुना लावा. थेट स्लॅबवर ठेवू नका, विटांवर किंवा लोखंडी स्टँडवर ठेवा. आणि गच्चीवर उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी आधी बादलीत सोडा. ते चहाला चालेल इतकं गरम असतं, ते मुळांवर ओतणारे महाभाग मी पाहिले आहेत.

आता पाचवा युक्तिवाद. "आमची बाल्कनी दक्षिणेला आहे, तिथं भरपूर ऊन येतं." इथं मला खडू-फळा हवा होता. पुणं साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरला दुपारी सूर्य आपल्या दक्षिणेला कलून क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर असतो. बाल्कनीचा वरचा स्लॅब फरशीपासून नऊ फुटांवर असेल आणि कठडा जाळीचा असेल, तर त्या दिवशी भर दुपारचं ऊन स्लॅबच्या कडेच्या रेषेपासून आठ फूट आत येतं. बाल्कनी ओलांडून हॉलमध्ये शिरतं. २१ मार्चला तेच ऊन तीन फूट आत येतं. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात फूटभर. आणि मेच्या मध्यावर सूर्य बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो! म्हणजे ह्या काळात दक्षिणेच्या बाल्कनीत दुपारचं थेट ऊन शून्य.

ध्यानात आलं का? ज्या चार-पाच महिन्यांत अडेनियमला वाढायचं असतं, फुलायचं असतं, नेमका त्याच काळात तुमच्या दक्षिणेच्या बाल्कनीतून सूर्य काढता पाय घेतो. आणि झाड पानं गाळून झोपतं तेव्हा डिसेंबरात मात्र तिथं उन्हाची रेलचेल. म्हणून "आमच्या बाल्कनीत ऊन आहे" हे वाक्य अर्धवट आहे. कुठल्या महिन्यात, किती वाजता, कठड्यापासून किती फूट, हे सांगा. पूर्वेच्या बाल्कनीत सकाळचा खालून येणारा सूर्य स्लॅबला जुमानत नाही, तिथं साडेदहा-अकरापर्यंत चार-एक तास मिळतात. पश्चिमेला दुपारनंतर तेवढेच, पण हवाही तेव्हाच सर्वांत तापलेली, म्हणून तिथं कुंडी जास्त जपायची. एका रविवारी खडू घेऊन बसा. दर तासाला फरशीवर उन्हाच्या कडेची रेघ मारा. हाच प्रयोग पुन्हा मार्चमध्ये आणि मेमध्ये करा. नातवंडांना बरोबर घ्या. भूगोलाच्या पुस्तकातलं उत्तरायण घरात उतरलेलं दिसेल.

दक्षिणेची बाल्कनी टाकाऊ नाही. थंडीत पुण्यात रात्रीचं तापमान दहाच्या खाली घसरतं, ते ह्या झाडाला मानवत नाही. तेव्हा डिसेंबर-जानेवारीत भिंतीला टेकून, दिवसभर उन्हात, जवळजवळ बिनपाण्याचं ठेवायला दक्षिणेची बाल्कनी उत्तम. पानं गळली म्हणून घाबरून आत आणू नका आणि पाणी तर मुळीच वाढवू नका. ते मेलेलं नसतं. बुंधा टणक आहे ना? मग गुपचूप बसा.

आणि ती हिरवी जाळी! हल्ली घरात दोन कुंड्या आल्या की तिसरी वस्तू येते ती हिरवी जाळी. पन्नास टक्क्यांची जाळी म्हणजे निम्मं ऊन गेलं, पंचाहत्तरची म्हणजे चार आण्यांचं उरलं. रोपवाटिकेत कोवळ्या रोपांना ती हवी. कुंडी बदलल्यावर आठ-दहा दिवस अडेनियमलाही हवी. पण बारा महिने? पावसाळ्यातला प्रकार तर फारच विनोदी. आधीच ढगांमुळे उजेड कमी, त्यात जाळी राहिलेला ऊन-उजेड अडवते आणि पाऊस मात्र सरळ आत सोडते. अडेनियमला हवं असतं नेमकं ह्याच्या उलट. पावसाळ्यात त्याच्या डोक्यावर पारदर्शक पत्रा हवा, जो पाणी अडवेल आणि उजेड सोडेल. माझ्या गच्चीवर सहा फुटांचा एक तुकडा आहे, चार लोखंडी पायांवर. जूनमध्ये लावते, ऑक्टोबरात काढते.

"माझ्या गच्चीवर" म्हणाले खरं, पण आता तेच धोक्यात आलं आहे, आणि इतकं तावातावानं लिहायला बसण्याचं हेच कारण.

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस लागली आहे. विषय क्रमांक सहा: गच्चीवरील सर्व कुंड्या हटवणे व गच्चीस कायमचे कुलूप लावणे. कारण गळती. वरच्या मजल्यावरच्या दोन घरांत पावसाळ्यात छत ओलं होतं, हे खरं आहे. त्यांच्या त्रासाची मला पूर्ण जाणीव आहे, पलंगावर बादली ठेवून झोपणं काय असतं ते मी चाळीत अनुभवलंय. पण गळती कुंड्यांमुळे झाली हे कुणी पाहिलं? गच्चीची दोन पाणी जायची तोंडं कबुतरांच्या पिसांनी आणि पिंपळाच्या पानांनी तुंबलेली होती. मी स्वतः वॉचमनला घेऊन ती साफ करून घेतली. गच्चीच्या कडेला पिंपळाचं रोप फुटलंय, ते कुणी लावलेलं नाही, पण मुळं घालतंय तेच. आणि वॉटरप्रूफिंग किती वर्षांपूर्वी केलं होतं, हे विचारलं तर कागद सापडत नाहीत.

विरोधकांची बाजू जिथं खरी आहे तिथं ती मान्य करायला हवी. थेट स्लॅबवर ठेवलेल्या मोठ्या कुंड्या खालची जागा कायम ओली ठेवतात, झाडूवाल्याला तिथं झाडता येत नाही, हे बरोबर. कठड्यावर ठेवलेली कुंडी वाऱ्यानं खाली पडून कुणाचा जीव जाऊ शकतो, हे तर शंभर टक्के बरोबर. कठड्यावर कुंड्या ठेवणाऱ्यांना दंड करा, मी हात वर करीन. पण म्हणून सगळ्याच कुंड्या काढा? माझ्या चौदा कुंड्या आहेत, सगळ्या दहा इंचांच्या आतल्या, लोखंडी स्टँडवर, खाली ताटल्या. स्टँडखालून झाडू फिरतो. गच्चीवर ठेवायला ह्या झाडाइतकं सोयीचं झाड शोधून सापडणार नाही. पावसाळ्यात मी त्याला जवळजवळ पाणीच घालत नाही! गळतीचा आरोप ठेवायचाच तर निदान पाणी पिणाऱ्यावर ठेवा.

"मग बाल्कनीत न्या ना", असं अध्यक्षसाहेब म्हणाले. साहेब, म्हणूनच वरचा भूगोलाचा तास घेतला. माझी बाल्कनी दक्षिणेची. चौदातलं एक झाड २००८ साली बी पेरून उगवलेलं आहे. आज त्याचा बुंधा माझ्या दोन ओंजळींत मावत नाही. बाल्कनीत नेलं तर ते पहिलं वर्ष शिल्लकीवर काढेल, दुसऱ्या पावसाळ्यात कुजेल. तेव्हा सभेत कुणी म्हणू नये की बाईंनी सांगितलं नव्हतं.

आणि प्रश्न एकट्या अडेनियमचा राहिलेला नाही. आमच्या दक्षिणेला एक टॉवर होतो आहे. समजा तो सत्तर मीटरचा झाला. डिसेंबरात भर दुपारी, म्हणजे सावली सर्वांत आखूड असते त्या वेळी, त्याची सावली उत्तरेला साठ मीटरच्याही पुढे जाईल. म्हणजे बरोबर आमच्या अंगावर. आमच्या खालच्या चार मजल्यांना हिवाळ्याचं ऊन मिळणार नाही. १८८२ सालच्या सुविधाधिकार कायद्यात वीस वर्षं विनातक्रार मिळालेल्या उजेडावर इमारतीचा हक्क मानलेला आहे. पण कोर्टात जाणार कोण, आणि निकाल लागेपर्यंत राहणार कोण? मग इमारतीत पूर्ण ऊन मिळणारी जागा उरते ती एकच, गच्ची. तिलाच आपल्या हातानं कुलूप लावायचं?

ह्या गच्चीवर पूर्वी मार्च-एप्रिलमध्ये कुरडया, सांडगे, साबुदाण्याच्या पापड्या वाळत. कावळे हाकलायला मुलं बसवलेली असत. गाद्या-उशांना ऊन दाखवलं जाई. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी रोज सकाळी पाठ शेकायला वर येतात, त्यांच्या गुडघ्यांना लिफ्ट चालते, पण कुलपाची किल्ली ऑफिसातून आणणं चालत नाही. ऊन ही काय फक्त झाडांची गरज आहे?

माझा प्रस्ताव मी सभेला लेखी दिला आहे. कुंड्या फक्त स्टँडवर आणि कठड्यापासून दोन फूट आत. पाणी जायच्या तोंडांजवळ काहीही नको. दर कुंडीमागे वर्षाला ठरावीक रक्कम गच्चीच्या देखभालीसाठी, माझ्या चौदा कुंड्यांचे पैसे मी पहिल्यांदा भरीन. पावसाळ्याआधी एक रविवार सगळ्यांनी मिळून सफाई. आणि गच्ची सकाळी सहा ते संध्याकाळी सात उघडी. वॉटरप्रूफिंगचं काम निघेल तेव्हा सगळी झाडं आम्ही खाली उतरवू, महिनाभर अंगणात ठेवू. ह्यात अवास्तव काय आहे ते मला कुणीतरी समजावून सांगावं.

सभा पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आहे. सूनबाई म्हणते, "आई, एवढं मनाला लावून घेऊ नका, दोन-चार झाडं माझ्या माहेरी पाठवू." तिच्या माहेरी मोकळं अंगण आहे, पाठवेनही. पण ठराव होण्याआधी नाही. सभेत मी बोलणार आहे, आणि खडूही घेऊन जाणार आहे.

तोवर तुमच्याकडून एवढंच हवंय. टीपॉयवरचं अडेनियम उचला. आज लगेच उन्हात नको. आधी पूर्वेच्या खिडकीत, मग कोवळ्या उन्हात, मग हळूहळू पूर्ण. तीन आठवडे लागतील. टीपॉयवरची जागा रिकामी दिसते म्हणाल तर तिथं चष्मा आणि पेपर ठेवा, नाहीतरी ते शोधण्यात आपला अर्धा दिवस जातो.

आणि जाऊबाई, पडद्याच्या दांडीला टेकलेल्या त्या फांद्या फेब्रुवारीत छाटायच्या आहेत. मी येते डोंबिवलीला, हातमोजे घेऊन. चीक अंगावर उडू द्यायचा नाही.